एकच जंतू, दोन रिपोर्ट आणि यादीतून गळलेलं इंजेक्शन

घणसोलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला कामाचा भाग तेवढा देते.

'माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, डायबेटीस जुना आहे. पायाची जखम चिघळली म्हणून त्यांना वाशीच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ठेवलं. पुवाच्या कल्चरमध्ये एमआरएसए (नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जंतू) आला. क्रिएटिनिन वाढलेलं होतं, म्हणजे किडनी कमी चालत होती, म्हणून डॉक्टरांनी डॅप्टोमायसिन नावाचं इंजेक्शन रोज एकदा सुरू केलं. आठवड्याभरात पाय निम्म्याने सुधारला. मग अचानक ताप, खोकला, धाप. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात डाग दिसला आणि थुंकीत पुन्हा एमआरएसए. अशा वेळी औषध वाढवतील असं वाटलं होतं, तर डॉक्टरांनी तेच इंजेक्शन बंद करून लिनेझोलिड दिलं. दोन दिवस सलाईनमधून आणि आता चक्क गोळी! त्याच दिवशी मेडिक्लेमची मंजूर रक्कम संपत आली होती. ठाण्याला राहणारे माझे दीर म्हणतात की पैशांसाठी आईचं भारी औषध काढलं. बदलाच्या कागदावर सही माझी आहे, त्यामुळे घरात सगळं माझ्यावर आलं आहे. आणखी एक गोष्ट. पुवाच्या रिपोर्टमध्ये डॅप्टोमायसिनपुढे "एस" (म्हणजे जंतूवर औषध चालतं) आहे, पण थुंकीच्या रिपोर्टमध्ये ते नावच नाही. दीर म्हणतात, नाव मुद्दाम गाळलं. त्यांच्या मित्राच्या वडिलांना फुफ्फुसात डाग असताना हेच इंजेक्शन दिलं होतं आणि ते बरे झाले. भाऊजींनी बाहेरून दोन व्हायल आणून आमच्या फ्रीजमध्ये ठेवल्यात. डॉक्टरांवर दबाव आणून ते सुरू करायला लावावं का? डोस दुप्पट करून चालेल का? माझं चुकलं का?'

तुमचं चुकलेलं नाही. तुम्ही सही केली ती बरोबर केलीत, आणि फ्रीजमधल्या व्हायल सासूबाईंच्या कामाच्या नाहीत. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. दिरांनाही वाचायला द्या. त्यांची शंका वेडगळ नाही. कागदावर जे दिसतंय ते बघून कुणालाही तसंच वाटलं असतं.

तुम्ही पाठवलेले दोन्ही रिपोर्टचे फोटो मी मोठे करून पाहिले. पुवाच्या रिपोर्टमध्ये व्हॅन्कोमायसिन, टायकोप्लॅनिन, लिनेझोलिड, डॅप्टोमायसिन अशी उतरंड आहे. डॅप्टोमायसिनपुढे 0.5 हा आकडा (जंतूची वाढ रोखायला लागणारी किमान मात्रा) आणि 'एस'. थुंकीच्या रिपोर्टमध्ये तीच उतरंड, फक्त शेवटची ओळ नाही. हे गाळणं मुद्दामच केलेलं आहे, आणि नियमाने केलेलं आहे. कुठलं औषध कुठल्या जंतूपुढे कसं तपासायचं आणि काय कळवायचं, याचे अमेरिकेतल्या सीएलएसआय या संस्थेचे नियम आपल्याकडच्या बऱ्याच लॅब पाळतात. श्वसनमार्गातून आलेल्या नमुन्यावर डॅप्टोमायसिनचा निकाल कळवू नये, असं त्यात स्पष्ट आहे. मी स्वतः ठाण्यात अशा रिपोर्टांवर सह्या करत आले आहे. थुंकीच्या रिपोर्टवर ते नाव छापून आलं असतं, तर मी सही न करता कागद परत पाठवला असता.

मात्र लॅबवर माझाही एक राग आहे. खाली एक ओळ लिहायला काय जातं? 'फुफ्फुसातील संसर्गात उपयुक्त नसल्याने डॅप्टोमायसिन कळवलेले नाही.' एवढं लिहिलं असतं तर तुमच्या घरातलं अर्धं भांडण झालंच नसतं.

आता मुद्द्याचं. जंतू तोच, औषध तेच, मग पायात चालतं आणि फुफ्फुसात का चालत नाही?

डॅप्टोमायसिन हे लिपोपेप्टाइड आहे. अमिनो आम्लांचं एक कडं आणि त्याला जोडलेली चरबीची शेपटी, अशी त्याची घडण. जंतूच्या अंगाभोवती जो पातळ पडदा असतो, त्यात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल नावाचा एक स्निग्ध पदार्थ भरपूर असतो. कॅल्शियमच्या मदतीने हे औषध नेमकं तिथे जाऊन चिकटतं, शेपटी पडद्यात रुतवतं, असे अनेक रेणू तिथे गोळा होतात आणि पडद्याची घडी विस्कटते. आतलं पोटॅशियम बाहेर गळतं आणि जंतू मरतो. आपल्या पेशींच्या बाहेरच्या पडद्यात हा पदार्थ जवळपास नसतोच, म्हणून आपल्या पेशी बचावतात. औषध चोखंदळ आहे, आणि हा चोखंदळपणाच त्याची ताकद आहे.

फुफ्फुसात नेमका तोच अंगाशी येतो. फुफ्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांना आतून एका द्रवाचा अगदी पातळ थर असतो. त्याला सरफॅक्टंट म्हणतात. तो नसेल तर प्रत्येक उच्छ्वासाला त्या पिशव्या मिटतील आणि पुन्हा उघडायला जोर लावावा लागेल. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास घेणं का जड जातं, याचं उत्तर मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्ये दिलं होतं: त्यांच्या फुफ्फुसात सरफॅक्टंट पुरेसं तयार झालेलं नसतं. आज एनआयसीयूमध्ये अशा बाळांच्या श्वासनळीत गाईच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट सोडतात. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ सातव्या महिन्यात झालं असेल, तर त्या आईबापांनी हे नाव ऐकलेलं असेल. ह्या द्रवात नव्वद टक्क्यांच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात, आणि त्यातला साधारण दहावा हिस्सा असतो फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलचा. जंतूच्या पडद्यात असतो तोच.

म्हणजे काय होतं, ते तुमच्याच गावाच्या भाषेत सांगते. घणसोली गावात कुरियरवाल्याला नुसतं 'पाटील' एवढंच सांगून पाठवलं, तर पार्सल योग्य घरी पोहोचेल का? पहिल्या आळीतच दहा दारांतून 'हो, आम्हीच पाटील' म्हणून हात पुढे येतील आणि पिशवी रिकामी होईल. डॅप्टोमायसिनचं फुफ्फुसात असंच होतं. औषध सरफॅक्टंटला चिकटून बसतं आणि जंतूच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. 'हे औषध फुफ्फुसात पोहोचत नाही' असं लोक म्हणतात. डॉक्टरही घाईत तसंच सांगून मोकळे होतात. खरी गोम पोहोचण्याची नाही, पोहोचल्यावर अडकून पडण्याची आहे.

हे आधी कुणी ओळखलं नव्हतं. 1980 च्या दशकात एलाय लिली कंपनीने हे औषध शोधलं, मातीतल्या एका जंतूपासून. पुढे क्यूबिस्ट नावाच्या कंपनीने ते हाती घेतलं आणि न्यूमोनियाच्या मोठ्या चाचण्या केल्या. एका बाजूला डॅप्टोमायसिन, दुसऱ्या बाजूला आपलं नेहमीचं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. डॅप्टोमायसिन मागे पडलं. ज्यांचे निकाल नीट तपासता आले, अशा रुग्णांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनने 88 टक्क्यांच्या आसपास बरे झाले, डॅप्टोमायसिनने 79 टक्के. यातली एक गंमत मला अजून आवडते. ज्या रुग्णांना चाचणीत येण्याआधीच्या चोवीस तासांत दुसरं एखादं परिणामकारक अँटिबायोटिक मिळालं होतं, त्यांच्यात दोन्ही औषधांचे निकाल सारखेच आले. काम आधीच्या औषधाने केलं होतं आणि श्रेय डॅप्टोमायसिनला जात होतं. फरक दिसला तो कोऱ्या पाटीने आलेल्या रुग्णांत. हे विश्लेषण 2008 मध्ये छापून आलं.

त्याआधी 2005 मध्ये कारण सापडलं होतं. संशोधकांनी परीक्षानळीत जंतू आणि औषध यांच्यासोबत गाईचं सरफॅक्टंट घातलं, तेच, नवजात बाळांना देतात ते. औषध लुळं पडलं. दुसऱ्या जातीची अँटिबायोटिक्स तशी पडली नाहीत. एका विशिष्ट अवयवात अँटिबायोटिक निकामी होण्याचं हे पहिलंच उदाहरण, असं त्यांनी नोंदवलं. 2003 मध्ये अमेरिकेत या औषधाला परवानगी मिळाली ती त्वचेच्या संसर्गासाठी, 2006 मध्ये रक्तातल्या स्टॅफिलोकॉकसच्या संसर्गासाठी. न्यूमोनियासाठी ते नाही, हे त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. दिरांनी आणलेल्या खोक्यातला घडी घातलेला कागद उलगडून बघा.

मग 'एस' चं काय? 'एस' खोटा नाही. पण तो लॅबमधल्या द्रवातला आहे. डॅप्टोमायसिनची चाचणी करताना त्या द्रवात आम्ही कॅल्शियम मोजून ठेवतो, कारण त्याच्याशिवाय हे औषध हलतच नाही. सरफॅक्टंट मात्र कुणी घालत नाही. त्यामुळे रिपोर्ट एवढंच सांगतो की औषध आणि जंतू समोरासमोर आले, तर औषध जिंकेल. गाठ पडेल का, हे त्याला माहीत नसतं. पायाच्या जखमेत गाठ पडत होती, म्हणून पाय सुधारला.

दिरांच्या मित्राच्या वडिलांचं उदाहरण मी झटकून टाकत नाही, कारण ते खरं असू शकतं. फुफ्फुसात जंतू दोन वाटांनी येतात. एक हवेच्या वाटेने, म्हणजे घशातून श्वासनळीत आणि तिथून त्या पिशव्यांत. तिथे सरफॅक्टंट आडवं येतं. दुसरी वाट रक्ताची. हृदयाच्या झडपेवर किंवा डायलिसिसच्या नळीवर जंतूंचा गठ्ठा बसलेला असतो, त्याचे तुकडे सुटतात आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकतात. एक्स-रेवर डाग तेव्हाही दिसतात, पण मूळ रक्तात असतं. तिथे डॅप्टोमायसिन काम करतं. उंदरांवरच्या प्रयोगातही हाच भेद दिसला होता: हवेच्या वाटेने केलेल्या न्यूमोनियात ते हरलं, रक्तातून पोहोचवलेल्या संसर्गात चाललं. मित्राच्या वडिलांना डायलिसिस होतं का, किंवा झडपेचा त्रास होता का, एवढं विचारून बघा. तुमच्या सासूबाईंचं रक्ताचं कल्चर दोनदा स्वच्छ आलं, असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलं आहे. त्यावरून त्यांचा आजार पहिल्या वाटेचा दिसतो. हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून हे एकदा पक्कं करून घ्या.

डोस दुप्पट करायचा विचार डोक्यातून काढून टाका. लिलीने हे औषध मध्येच सोडून दिलं होतं, त्याचं एक मोठं कारण स्नायूंना होणारी इजा हे होतं. दिवसातून दोनदा देताना ती दिसली. पुढे दिवसातून एकदाच द्यायची पद्धत आली आणि औषध वाचलं. आजही ते चालू असताना स्नायूंची इजा दाखवणारी सीपीके नावाची रक्ततपासणी आठवड्याला करतात. सासूबाईंची किडनी कमी चालते, म्हणजे औषध अंगात जास्त वेळ राहतं. आणि त्या कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसारखी गोळी घेत असतील, तर डॅप्टोमायसिनच्या काळात ती बऱ्याचदा थांबवतात, कारण दोन्ही औषधं स्नायूंना त्रास देऊ शकतात. ती थांबवली होती का, आणि आता परत केव्हा सुरू करायची, हे विचाराच. एका औषधाबरोबर दुसरं बंद झालं की ते पुन्हा सुरू करायचं राहून जातं, हे फार घरांत होतं.

आणखी एक शक्यता डॉक्टरांनी मनात धरली असेल. डॅप्टोमायसिनमुळेच क्वचित फुफ्फुसाला सूज येते. तिला इओसिनोफिलिक न्यूमोनिया म्हणतात, कारण त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2010 मध्ये तसा इशारा दिला. ती साधारणपणे औषध सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत दिसते: ताप, खोकला, धाप आणि एक्स-रेवर नवे डाग. थुंकीत जंतू आला म्हणजे तोच न्यूमोनियाचा गुन्हेगार, असंही दरवेळी नसतं. कधी तो घशात नुसता मुक्कामाला असतो. तेव्हा राउंडला डॉक्टरांना सरळ विचारा, 'हा औषधाचा त्रास असू शकतो का, आणि सीबीसीमध्ये इओसिनोफिल किती आहेत?' चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाने चिडत नाही. उत्तर काहीही असो, इंजेक्शन बंद करणं दोन्ही बाजूंनी बरोबरच ठरतं.

पैशांच्या संशयाबद्दल थोडं. तुमचं बिल मी पाहिलेलं नाही आणि टीपीएचं, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपनीचं, गणित मला लागत नाही. पण हॉस्पिटलला कमाईच करायची असती, तर एका व्हायलला काही हजार मोजावे लागणारं इंजेक्शन काढून त्याने स्वस्त गोळी कशाला दिली असती? तारीख जुळली, एवढंच. अशा जुळलेल्या तारखांवर घरंच्या घरं फुटलेली मी पाहिली आहेत, आणि सही करणाऱ्या सुनेला फासावर चढवणं सगळ्यात सोपं असतं.

गोळी म्हणजे हलकं औषध, हा समजही सोडा. लिनेझोलिड पोटातून जवळपास शंभर टक्के रक्तात उतरतं. म्हणून शिरेतून द्या की तोंडाने, डोस तोच, 600 मिलिग्रॅम दर बारा तासांनी. एमआरएसएच्या न्यूमोनियात ते आणि व्हॅन्कोमायसिन हीच मुख्य औषधं आहेत. व्हॅन्कोमायसिन किडनीला जड जातं, सासूबाईंचं क्रिएटिनिन आधीच वर आहे, म्हणजे निवड कशी झाली असेल ते तुमच्या लक्षात येईल. पायाच्या जखमेवरही लिनेझोलिड चालतं, त्यामुळे तो भाग उघडा पडलेला नाही.

तुमच्या पुतणीने विचारलंय की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना न्यूमोनियासाठी कोलिस्टिन देतात, तेही लिपोपेप्टाइडच आहे, मग ते कसं चालतं? प्रश्न छान आहे, मुलीला शाबासकी द्या. कोलिस्टिनचं निशाण वेगळं आहे. ते वेगळ्या गटातल्या, म्हणजे ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणातला लायपोपॉलिसॅकराइड हा रेणू पकडतं, आणि ती वस्तू सरफॅक्टंटमध्ये नसते. त्याच्या अडचणी निराळ्या आहेत, किडनीची पहिली. कुळाचं नाव सारखं म्हणून स्वभाव सारखा नसतो. डॅप्टोमायसिनच्या घडणीत फेरफार करून सरफॅक्टंटला न अडकणारा भाऊ तयार करायचा प्रयत्न रसायनशास्त्रज्ञ करत आले आहेत, पण औषधाच्या दुकानात तो अजून आलेला नाही.

त्या दोन व्हायलचं: बिल असेल तर दिरांनी दुकानात विचारून बघावं. थंडीत ठेवायचं औषध एकदा गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन आलं की केमिस्ट सहसा परत घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पैसे गेले म्हणून समजा. वॉर्डमध्ये नेऊन सिस्टरच्या हातात देऊ नका आणि सोसायटीतल्या दुसऱ्या कुणाला 'लागलं तर असू दे' म्हणून तर मुळीच नको. दबावाबद्दल म्हणाल, तर राउंडच्या वेळी घरातल्या एकानेच बोलावं. माझं मत विचाराल तर ते तुम्ही बोला आणि दिरांना शेजारी उभं करा. उत्तर त्यांच्या कानांनी ऐकू दे.

पुढचे दिवस लक्ष ठेवायचं ते लिनेझोलिडवर. ह्या औषधाने प्लेटलेट उतरू शकतात, किडनी कमी चालत असेल तर जास्तच, म्हणून आठवड्यातून एकदा तरी सीबीसी ठरवून घ्या. डिस्चार्जनंतरही गोळ्या चालू राहिल्या, तर तारखा हॉस्पिटलमधूनच कागदावर लिहून आणा. हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर बारीक लाल ठिपके दिसले तर तारखेची वाट बघू नका. नैराश्यासाठी किंवा झोपेसाठी कुणी पूर्वी एखादी गोळी दिली असेल आणि ती घरच्या डब्यातून चालू असेल, तर तिचं पाकीट डॉक्टरांना दाखवा. काही गोळ्यांचं लिनेझोलिडशी वाईट जमतं. आणि हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून सांगते: इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर ह्या औषधावर एकदम खाली जाऊ शकते. सासूबाईंची भूक मेली आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या ताटात अर्धी पोळी टाकून उठत असतील, तर इन्सुलिनचा नेहमीचा डोस त्यांना जड पडेल. ग्लुकोमीटर उशाशी ठेवा, जेवणाआधी आणि रात्री झोपताना मोजून वहीत लिहा, आणि आकडा 70 च्या खाली दिसला की आधी साखरपाणी द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि मग डॉक्टरांना फोन करा.